रफूचे दोन फोटो

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. घडलं ते क्रमाने:

१. तू लाँड्रीतलं रफूचं काम सोडून घरून ऑनलाइन रफू सुरू करणार, असं काकांकडून कळलं. महिन्याला चाळीस ऑर्डरी नक्की, असं सांगणारे एक सल्लागार तुला भेटले आहेत, हेही कळलं.

२. मी त्या सल्लागारांना दुसऱ्या नावाने निरोप पाठवला. घरून वापरलेल्या आगकाड्या विकायच्या आहेत, असं लिहिलं.

३. उत्तर लगेच आलं. आगकाड्यांना मोठी मागणी आहे, महिन्याला चाळीस ऑर्डरी नक्की, आणि माझ्या हातात जादू आहे.

४. तुला आलेला निरोप काकांनी मला पाठवला. जादूचं वाक्य तेच आहे, स्वल्पविरामासकट.

५. मी त्यांचा पत्ता विचारला. त्यांनी यशस्वी महिलांचे फोटो पाठवले. पुन्हा विचारला. पुन्हा फोटो आले.

निष्कर्ष तू काढ. सल्लागारांना त्यांच्या फीची अर्धी रक्कम दिली आहेस असं काका म्हणाले. उरलेली देऊ नकोस, आणि लाँड्रीच्या मालकांना राजीनामा लिहून देऊ नकोस, एवढंच म्हणणं आहे.

लोभ आहे तसा राहू दे, या पत्रानंतरही.

तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आगकाड्यांवर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून चहा मागताना मला जादूगारीणबाई म्हणतात. हसू मलाही आलं, पण उशिरा. आधी रागच आला. एवढीशी होतीस तेव्हाही लाडू खायच्या आधी मोजून घ्यायचीस.

आता माझं ऐक. इतकी वर्षं मी लाँड्रीच्या खिडकीशी बसून रफू करते. दुमडलेल्या काठातून त्याच कापडाचा धागा ओढायचा आणि उभा-आडवा विणत भोक बुजवायचं. काम बिघडलं की गिऱ्हाईक भांडतं. चांगलं जमलं तर कपडा उलटसुलट करून बघतं, भोक सापडत नाही, मग हा माझा नव्हेच म्हणून भांडतं. हातात जादू आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तुझ्या काकांनीही नाही, आणि त्यांच्या किती विजारी मी वाचवल्यात ते कपाटाला ठाऊक. सल्लागारांनी आगकाडीलाही तेच सांगितलं असेल, पण मला ते गोड लागलं. लागलं, काय करू?

दुसरं असं. रफूसाठी उघडलेल्या ऑनलाइन पानावर मी दोन फोटो टाकले, एक भोक पडलेल्या कोटाचा, दुसरा त्याच कोटाचा रफूनंतरचा. खाली एका बाईंनी लिहिलं की हे दोन वेगळे कोट आहेत, लोकांना फसवू नका. म्हणजे काम चांगलं केलं हाच माझा गुन्हा! सल्लागार म्हणाले, काळजी नको, शंभर गिऱ्हाइकांचे अभिप्राय आपण लिहवून घेऊ. काम खरं असताना साक्ष विकत घेतली तर काय बिघडलं, ते मला समजावून सांग. मालकांना मी महिनाअखेर निघते असं तोंडी सांगून बसले आहे. आता कोणत्या तोंडाने मागे फिरू?

जेवत जा वेळेवर. मोजपट्टीलाही पोट असतं. माया भरपूर आहे, तिची बेरीज करत बसू नकोस.

तुझी मावशी

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शंभरातला एक खोटा अभिप्राय पकडला गेला की वाचणारा बाकी सगळंच खोटं धरतो. त्यात तुझे खरे फोटोही आले. त्या बाई आज चुकल्या आहेत. साक्ष विकत घेतलीस की त्या बरोबर ठरतील.

फोटोंची अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. भोक दिसतं, रफू झालेलं दिसतं, मधलं काहीच दिसत नाही. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकव आणि पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत न थांबवता चित्रण कर. कंटाळवाणं होईल. पूर्ण पाहणारे थोडेच असतील, पण कपडा तेच पाठवतील.

आवडता कोट अनोळखी माणसाकडे टपालाने धाडायला धीर लागतो. पहिलं वर्ष महिन्याला दोन-तीन कपडे आले तरी ठीक चाललं समज. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून लाँड्री सोडायची नाही. दिलेली रक्कम परत येईल असं मला वाटत नाही. तक्रार मी नोंदवते. बुडालेल्या बादलीमागे दोरही विहिरीत टाकू नये.

मालकांकडे कोणत्या तोंडाने जायचं ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंदाजाने, आहे त्याच.

माझा निळा कोट तू रफू केला होतास. तुझं पत्र वाचून तो खिडकीत धरला आणि भोक कुठे होतं ते शोधलं. सापडलं नाही. हे कौतुक नाही, निरीक्षण आहे.

लोभ तिकडून कमी पडत नाही. इकडचा कमी दिसला तरी आहे.

तुझी भाची

१४ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

निरीक्षण पोचलं. काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं.

मालकांकडे गेले. माझ्या खुर्चीवर त्यांनी आधीच एक मुलगी बसवली होती. आठवड्याचे तीन दिवस देतो म्हणाले, तेही खिडकीपासून लांब. मुकाट्याने घेतले. सल्लागारांना उरलेले पैसे नाही म्हटल्यावर त्यांनी मला आधी भित्री म्हटलं, मग अडाणी, मग फोन उचलणंच बंद केलं. जादू संपली.

तू म्हणालीस तसं चित्रण केलं. मध्येच काका खोकतात, ते तसंच ठेवलं. ते पाहून दोन कपडे आले! पहिल्या बाई खूश आहेत, तसं लिहिलंही आहे त्यांनी. दुसरे एक शिक्षक. त्यांच्या राखाडी कोटाच्या काठात धागा पुरेना, म्हणून मी जवळच्या रंगाचा दुसरा घेतला. दिव्याखाली फरक कळला नाही. त्यांनी लिहिलंय, काम नीट आहे, पण उन्हात धरल्यावर जागा दिसते. अगं, दोनच अभिप्राय, आणि त्यातला एक असा! पान उघडायची लाज वाटते. पानाचा पासवर्ड तुझ्याकडे आहेच, ते पुसता येत असेल तर पुसून टाक, नाहीतर पानच बंद कर. या वयात लबाड म्हणवून घ्यायचं नाही मला पुन्हा.

तुझ्यावर रागावलेले नाही. स्वतःवर आहे, तो निवळेल. जीव लावतेस तशी लावत राहा, न सांगता का होईना.

तुझी मावशी

१८ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अभिप्राय लपवता येतो. पान बंदही करता येतं. मी दोन्ही केलेलं नाही, कारण पान तुझं आहे.

ठरवण्याआधी एवढं पाहा. शिक्षकांनी तुला लबाड म्हटलेलं नाही. काम नीट आहे असं म्हणून मग दोष सांगितला आहे, आणि दोष खरा आहे. नव्याने पान पाहणाऱ्याला तिथे दोन माणसं दिसतात. एक खूश आहे, दुसरा कपडा उन्हात धरून बघणारा आहे. असा माणूस कुणी विकत आणत नाही. तो आहे म्हणून पहिल्या बाईही खऱ्या वाटतात.

माझं मत, राहू दे. खाली उत्तराची जागा आहे. कुठला धागा वापरलास आणि का, ते तिथे लिही. यापुढे धागा पुरणार नसेल तर आधी कळवीन, असंही लिही, पण पाळणार असशील तरच. मी लिहून देणार नाही. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याला नको आहे.

काल पानावर एका बाईंची चौकशी आली. वडील गेले, त्यांचा गरम कोट कोपरावर फाटलेला आहे, तो त्यांना स्वतः वापरायचा आहे. शिक्षकांचा अभिप्राय त्यांनी वाचला आहे, आणि विचारतात की त्यांच्या कोटाची जागा उन्हात दिसेल का. फोटो सोबत जोडला आहे. दिसेल की नाही हे मला कळत नाही. तुला कळेल. मी उत्तर दिलेलं नाही.

काकांना नमस्कार. लोभ आहे, या खेपेला स्पष्ट लिहिते.

पान ठेवायचं की बंद करायचं, आणि ठेवायचं तर त्या बाईंना काय सांगायचं, ते शनिवार, २५ एप्रिलपर्यंत कळव.

तुझी भाची