शिकवणीच्या वेळी मी घरी नसेन

राजकन्या,

तू दूध आणायला गेलीस तेवढ्यात लिहितो आहे. काल पियानो शिकायला पोरीला घेऊन आलेली बाई दारातूनच परत फिरली. "अगं माय, बाईंचे सासरे बसलेत की समोर! चल, नंतर येऊ," म्हणाली. मी पुस्तकातून मान वर करून "या" म्हणायला हवं होतं, पण जमलं नाही. तुझी शिकवणी चालावी असं मनापासून वाटतं. म्हणून आजपासून त्या वेळी मी वाचनालयात बसेन. रुसून गेलो असं समजू नकोस. माझी खुर्ची मागच्या खोलीत नेली आहे आणि तिच्या जागी बायांसाठी सतरंजी टाकली आहे.

आणखी एक. पाटीवर तू मोठ्या माणसांनाही शिकवतेस असं लिहिलं आहेस. माझी बोटं आखडलेली आहेत, सुरातलं काही कळतं की नाही तेही ठाऊक नाही. तरी पोरं गेल्यावर मला शिकवशील का? तोंडानं विचारणं होईना. शिकवणार असशील तर मी येईपर्यंत पियानोवरची चादर काढून ठेव. झाकलेला दिसला तर मी मुकाट मागच्या खोलीत जाईन, आणि चहा रोजच्यासारखाच मागेन.

मामा