फिजीची मॅडम

९ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून मी फिजीची! जासई गावापुरती.

विश्वजीत सरांनी समाजमंदिरात बारा बायकांसमोर उभं केलं आणि सांगून टाकलं — ही ॲना मॅडम, फिजीहून आलीय, हिला मराठीचं अक्षर कळत नाही. मागे वही घेऊन बसलीय ती रिया मॅडम, तीही तिकडचीच. आम्ही दोघी पनवेलच्या, जन्मापासून! पण सरांच्या कोर्सची पद्धतच ही. परदेशात इंग्रजी शिकवायला जाणार म्हणजे तिथे तुम्ही परक्या. पोरांची भाषा तुम्हाला येणार नाही. मग परकं व्हायची सवय इथेच करा.

सहा तास मी शिकवायचं, रियाने मागे बसून निरीक्षण लिहायचं. तिच्या तासांना मी. वर्गात काय, गावात काय, मराठीचा शब्द तोंडून गेला की तास बाद. आणि जोडीतल्या एकीने नियम मोडला तर दोघींचे बाद.

"मोडणार कोण? मी तर मागे तोंडाला कुलूप लावून बसणार," रिया स्कूटर काढताना म्हणाली.

व्हिएतनामच्या त्या शाळेला, दा नांगला, आम्ही दोघी एकदम हव्या आहोत. एकच खोली देतायत. समुद्र दहा मिनिटांवर. कॉलेजपासून हेच बोलत आलोय आम्ही. मी आता एकतीस वर्षांची आहे. यानंतर कोण विचारणार?

१३ सप्टेंबर, शनिवार

बायका माझ्यासमोर माझ्याबद्दल बिनधास्त बोलतात. काय करमणूक!

सगळ्यांत पुढे गुणाबाई. साठीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. शेजारी त्यांची जाऊ चंद्रावती.

"फिजी म्हंजे कुठं गं?"

"आसंल गुजरातच्या पलीकडं."

"नाक तर आपल्यासारखंच हाय. पन पोर वाळलीय नुसती. तिकडं खायाला देत नाय वाटतं."

हसू दाबताना गाल आतून चावला गेला. तास संपल्यावर गुणाबाईंनी फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुकट काढून पुढे केली. खा, खा — सगळं खुणेने. मीही खुणेनेच छान म्हटलं. सुकट खरंच छान होती.

त्यांचा मुलगा दीपेश मेलबर्नला असतो. चार वर्षांचा नातू, नुसतं इंग्रजीच बोलतो. डिसेंबरचं तिकीट काढलंय. नातवाशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी बाई वही-पेन घेऊन येतात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचा धडा शरीराचे अवयव. हेड, शोल्डर, हँड. प्रत्येकीने हात लावून म्हणायचं.

गुणाबाईंनी काखेजवळ हात नेला आणि हसत चंद्रावतीला म्हणाल्या, "हितं गाठ हाय, तिला काय म्हनतात विचार तुज्या म्याडमला." मग आवाज खाली — चार महिने झाले. आता मोठी व्हायला लागलीय. "दीपेशला बोलू नको हां. तिकीट रद्द करल. नातवाला बघून येतं, मंग बघू."

मी खडू धरून त्यांच्यापासून दोन हातांवर उभी.

"व्हेरी गुड," म्हणाले. "अगेन."

संध्याकाळी वडाळे तलावावर रियाला गाठलं. तिनेही ऐकलं होतं. ती म्हणाली, उद्याच सांगू. मी म्हटलं, २७ला शेवटचा तास आहे, परीक्षक बसणार आहे. २८ला सकाळी मी स्वतः जासईला जाते आणि सगळं सांगते. चार महिने थांबल्यात त्या. बारा दिवसांनी काय होणार आहे?

रिया बरं म्हणाली. मी दोनदा विचारलं. दोनदा बरं म्हणाली.

२० सप्टेंबर, शनिवार

तास मस्त झाला. गुणाबाई आल्या नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळं संपलं.

सरांनी दोघींना बोलावलं. दोघींचे तास बाद. सर्टिफिकेट नाही. पुन्हा करायचं तर जानेवारीच्या बॅचला. दा नांगला तर १५ ऑक्टोबरला हजर व्हायचंय!

रिया गुरुवारीच जासईला गेली होती. एकटी. गुणाबाईंच्या ओटीवर बसून मराठीत सगळं बोलली, त्यांना इथे पनवेलला डॉक्टरकडे घेऊन आली. आणि वर सरांना जाऊन सांगितलं. स्वतःहून! कोणी विचारलंही नव्हतं.

जिन्यात मी तिला अडवलं. म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू पुन्हा थांब म्हणाली असतीस." मग म्हणाली, "मी पनवेलची, एवढंच सांगितलं त्यांना. तुझं नाव नाही घेतलं. त्यांच्यासाठी तू फिजीचीच आहेस." उपकारच झाले की!

बरं म्हणाली होती. दोनदा. बारा वर्षांची मैत्री. माझ्या तोंडावर बरं म्हणून माझ्या पाठीमागे गेली.

तिचंही गेलंच की, असं आई म्हणते. तिचं तिने घालवलं. माझं का?

२४ सप्टेंबर, बुधवार

दा नांगचं उत्तर आलं. दोन ओळी. जागा दुसऱ्यांना दिल्या. शुभेच्छा दिल्यात.

बँकेतल्या माझ्या काउंटरवर दिवसभर हसून बोलले लोकांशी. घरी येऊन बॅग माळ्यावर टाकली. नवी होती, टॅगसुद्धा काढला नव्हता. खूप रडले.

२८ सप्टेंबर, रविवार

आजच जाऊन सांगणार होते मी. खरंच जाणार होते. हे कोणाला पटणार आता?

रियाचा मेसेज — "डॉक्टर म्हणतात उशीर झालाय, पण फार नाही. १ तारखेला ऑपरेशन. त्या तुझी आठवण काढतात. एकदा ये." उत्तर दिलं नाही. फार नाही म्हणे. मग २८ला पण फार नसताच झाला! हेच तर म्हणत होते मी.

हे लिहून पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

रिया सोनं द्यायला आली होती. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले. आईने तिच्याकडून पानं घेतली, तिला पाणी दिलं. ती बराच वेळ थांबली म्हणे.

५ ऑक्टोबर, रविवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. मराठीत बोलायचं, माफी मागायची, हे रिक्षात बसल्यापासून घोकत होते.

गुणाबाई मला बघून उशीला टेकून बसल्या. एका बाजूला जाड बँडेज. "गुड मॉर्निंग मॅडम. हाऊ आर यू?" एकेक शब्द जपून. संध्याकाळचे पाच वाजले होते.

चंद्रावती मला खुणेने ऑपरेशनचं सांगायला लागली, तर गुणाबाईंनी तिचा हात खाली केला. "नको सांगू तिला. परक्या मुलखात एकटी हाय पोर, घाबरल. तिला समाजलं आसतं तर तीच आली आसती पयली."

"आय ॲम फाइन," मी म्हणाले. "थँक यू."