तुमचा पूल कपाटावर आहे

अहो,

साडेसात वाजलेत. पोरगी स्वतः केलेला पुठ्ठ्याचा पूल घेऊन प्रदर्शनाला निघाली आहे, मी शाळेत सोडायला जाते. तुम्ही तिच्यासाठी केलेला पूल कपाटावर ठेवलाय. तो झकासच आहे, सुताराचा हात लपत नाही, आणि अडचण तीच आहे.

गेल्या वर्षी तुमच्या पवनचक्कीला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी "ही फिरते कशी गं?" असं विचारलं, तेव्हा ही अंगठ्याने जमीन उकरत उभी. घरी येऊन म्हणाली, "बक्षीस बाबांनाच दे." तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही.

तुम्हाला मुद्दामच उठवलं नाही. उठला असतात तर चार खिळे ठोकल्याशिवाय तिला सोडलं नसतंत. तिचा पूल एका बाजूला कलतो. कलू दे. तुमचा घेऊन मागोमाग येऊ नका, फाटकावरूनच परत पाठवीन. बक्षिसाची इतकी हौस असेल तर चौथीत नाव घाला. चिडायचं तर माझ्यावर चिडा, तिला एक शब्द बोलायचा नाही.

आत्ताच दाराला लागून पुलाचा एक खांब निखळला. मला हात लावू देत नाही. जिन्यात बसून स्वतःच डिंक लावते आहे.