चांदीचे सत्तेचाळीस इलेक्ट्रॉन

४ जानेवारी १९६०, कोरीट
विज्ञानाचे मास्तर बदलून गेले. तास माझ्याकडे. तेवीसला साहेब तपासणीला येणार. खूश झाले तर विज्ञान कायमचे माझे. नाहीतर पुन्हा ड्रिल, शिट्टी आणि धूळ. हेडमास्तर भाईदास म्हणाले, झेपेल का? या गृहस्थाला माणसाची पारख नाही. ठरवले: ब्याण्णवच्या ब्याण्णव मूलद्रव्ये बाटल्यांत मांडायची.

६ जानेवारी
लोखंड: खिळा. तांबे: तार. गंधक: दुकानातून. कार्बन: कोळसा. नायट्रोजन, ऑक्सिजन: दोन रिकाम्या बाटल्या, बूच घट्ट. पारा मागितला तर दवाखान्यातला कंपाउंडर हसला. मूर्ख आहे. सहा झाली, उरली शहाऐंशी. वेग उत्तम.

९ जानेवारी
पितळेची वाटी मांडली होती. भिला कासार खिडकीतून म्हणे, मास्तर, हाई तं तांबं आनि जस्त शे. भट्टीपुढे बसणारे आता आम्हांला विज्ञान शिकवणार. वाटी काढली. पण त्याने सांगितले म्हणून नव्हे.

१३ जानेवारी
चांदी हवी. माझ्या वडिलांनी, आबांनी, लग्नात हिच्या पायात घातलेले तोडे आहेतच. अशी चांदी गावात नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. आबांना जाऊन दोन वर्षे झाली, पण नाव राहिले. बायको, तापीबाई, म्हणाली, तोडा शाळामा नका लई जाऊ, घरमाच ऱ्हाऊ द्या. बायकांचा जीव दागिन्यात. अणू समजावला: मध्ये केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन, बाकी सगळी पोकळी. म्हणाली, पोकळीच शे तं दुसरं काई ठेवा. फार चिडलो. जेवलो नाही. (नंतर थोडे जेवलो.)

१८ जानेवारी
चार दिवस अबोला धरला. आज तिने तोडे काढून समोर ठेवले. म्हणाली, नुसता ठेवा, कोनाले हात लावू देऊ नका.
तक्त्यावर चांदीचा अणू काढला, सत्तेचाळीस इलेक्ट्रॉन लाल शाईत. हेडमास्तर म्हणाले, हे दिसतात कशाने? असल्या प्रश्नांनीच देश मागे राहिला. एकूण मूलद्रव्ये नऊ. ब्याण्णव हा आकडा पुस्तकवाल्यांनी फुगवला असावा.

२३ जानेवारी, दुपार
साहेब रसायनाचे बी.एस्सी. निघाले. तोड्यांपाशी थांबले. मीच म्हणालो, साहेब, तेजाब टाकून बघा. टाकले. हिरवा फेस. साहेब म्हणाले, जर्मन सिल्व्हर. तांबे, जस्त, निकेल. म्हणजे एक मूलद्रव्य गेले, पण दोन नवी आली. हे मी ताबडतोब नजरेस आणले. साहेब पुढच्या वर्गात गेले. पोरे हसत होती.
तेजाब जुने असणार. नाहीतर हिने माहेरी तोडे बदलले. आज सोडणार नाही.

२४ जानेवारी
काल संध्याकाळी आवाज चढवून विचारले. ती मिरच्यांचे देठ खुडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, लगीनना दुसराच साले सोनारनी सांगेल व्हतं. मामांजी जित्ता व्हतात, कसं बोलू? मंग तुम्ही गावभर सांगत फिरेत, मन्हा बापनी चांदी. ऱ्हाऊ दिनं.

२५ जानेवारी
विज्ञान नव्या मास्तरांना. ड्रिल मला.
तिने हिरवा डाग राखेने घासला. निघाला नाही. तोडे तसेच घालून पाण्याला निघाली. शेजारच्या शांतीबाईने दारातच विचारले, डाग कसाना? ही म्हणाली, चांदी अस्सल शे, मन्हा सासरानी घाली. साहेबनंच औषध खोटं.
मी ओट्यावर बसून ऐकले. रागवायला कोणी सापडले नाही.