मर्लवन्संच्या स्पंजवरचा खड्डा

वाराडूक,
बुधवार

ती. मर्लवन्संना,

नोलीनचा वाकून नमस्कार (पोट फुगल्यामुळे वाकणं जमत नाही, तेव्हा मनातल्या मनात).

तुमची मनगटं कशी आहेत? तुमचे बंधू मजेत. गहू पिकत आलाय आणि कापणीच्या यंत्राशी त्यांचं भांडण सुरू आहे, त्यामुळे घरात शांतता आहे. माझं मात्र काही खरं नाही. गावच्या केकच्या प्रदर्शनानंतर तुम्ही तीनदा फोन केलात आणि मी उचलला नाही, कारण तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. फोनवर तोंड दिसत नाही हे नंतर सुचलं.

आता सांगूनच टाकते. गेले आठ महिने, खाल्लं रे खाल्लं की माझं पोट नगाऱ्यासारखं होतं. आणि मग वायू. (चर्चमध्ये मी ऑर्गनला खेटून बसते ते त्यासाठी. तुम्हाला वाटलं, मला भक्ती फुटली.) बेंडिगोच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या आतड्यातले जंतू तुमच्या लहान आतड्यात बिऱ्हाड करून बसलेत. तुम्ही घास गिळला की तो पचायच्या आधी तेच ताव मारतात, आणि त्याचा गॅस होतो. खात्री करायला श्वासाची तपासणी. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात आणि उकडलेली कोंबडी, मग बारा तास उपास, मग साखरेचं पाणी पिऊन तीन तास दर वीस मिनिटांनी पिशवीत फुंकायचं. तारीख मिळाली सोमवारची, आणि आपलं प्रदर्शन रविवारी!

शहाण्या बाईनं परीक्षकपद सोडलं असतं. पण कारण काय सांगणार? अकरा वर्षं मिरवलेला बिल्ला गॅसपायी काढून ठेवू? म्हणून मी चाखल्याचं नाटक करायचं ठरवलं. तुकडा तोंडाशी न्यायचा, 'हं' म्हणायचं आणि हळूच रुमालात सोडायचा. नऊ स्पंज केक, नऊ वेळा 'हं'. (रुमालाला मुंग्या लागल्यात.) गुण दिले नुसत्या डोळ्यांनी. उंची बघितली, रंग बघितला, गार करायच्या जाळीची खूण कुठे उठलीय का ते चष्मा पुसून बघितलं. ग्लेनिसचा स्पंज दिसायला निर्दोष, त्याला पहिला नंबर. तुमच्या स्पंजवर मधोमध खड्डा, म्हणून दुसरा. एकोणिसाव्यांदा.

पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. चहाबरोबर पहिल्या नंबरचा केक वाटला आणि अख्खी समिती खोकायला लागली. साखरेच्या जागी मीठ! अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "नोलीन, तू हा खाल्ला होतास ना गं?" ग्लेनिस बिचारी हुंदके द्यायला लागली. आणि तुम्ही उठलात. "आमची भावजय चाखल्याशिवाय नंबर देणारी नाही. तुमच्याच जिभा बिघडल्यात!" असं ठणकावून तुम्ही तो खारट तुकडा सगळ्यांसमोर शेवटच्या कणापर्यंत खाल्लात. वन्सं, धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्ही केकची भांडी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दानपेटीत टाकून आलात. म्हणे, "आता बास, मला काही येत नाही."

तपासणीत जंतू सापडले. दोन आठवडे गोळ्या आणि गहू बंद, मग एकेक पदार्थ जपून सुरू करायचा. दोन खाण्यांमध्ये चार तास काही चरायचं नाही, म्हणजे आतड्याला स्वतःला झाडून घ्यायला वेळ मिळतो. काल समितीपुढे जाऊन सगळं कबूल केलं, गॅससकट. बिल्लाही परत दिला.

तुमची शरमिंदी भावजय,
नोलीन

ता. क. तुमची केकची दोन्ही भांडी मी दानपेटीतून सोडवून आणलीत. गव्हाची परवानगी मिळाली की पहिला घास तुमच्या स्पंजचा, चावून आणि गिळून. तेवढा एक करा ना.

आणखी एक ता. क. एक गोष्ट मात्र समितीलाही सांगितली नाही. तो खड्डा तुमचा नव्हता. मी वाकून बघत होते आणि पोटानं दगा दिला, चांगला मोठ्यानं. कुणी ऐकलं की काय म्हणून मी दचकले आणि माझा अंगठा तुमच्या स्पंजमध्ये गेला. कुणीच ऐकलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले आणि गुण तुमचे कापले. खड्डा नसता तर पहिला नंबर तुमचाच होता, वन्सं. भांडी न्यायला या आणि खुशाल मारा मला. फक्त पोटावर नको.