शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रिय शिवकन्या,

धर्मापुरीच्या यात्रेत तू मला बघितलंस आणि पदर ओढून दुसऱ्या बोळात शिरलीस. सख्खी मावशी मी. माझ्या संगं शेजारची कौशल्याबाई होती, म्हणाली, भाची रुसली वाटतं. मी म्हटलं, ऊन लागलं असंल. तिथंच दुकानात फोनूच्या कर्ण्यातून गोफणीचं गाणं वाजत होतं, अन् माणसं माझ्याकडं बोट करीत होती, ह्याच त्या गाणं करणाऱ्या केसरबाई. भांडायचं होतं तर तिथंच भांडायचं. कशापायी पळालीस?

आता ऐकते, तू तुझी गाण्यांची वही इथं माजलगावात कल्याणरावाकडं धाडणार हायस. तो फोनू विकतो अन् हैदराबादच्या कंपनीला गाणी पुरवतो. मग राग ठेव बाजूला. अख्खी वही द्यायची न्हाई. एक गाणं द्यायचं, तेही आधी चार बायकांत म्हणून, म्हणजे कुणाचं ते गावाला ठाऊक राहतं. कडवी दोन, लई तर तीन. फोनूची तबकडी तीन मिनिटांत संपते, तिला आपल्या हौसेशी घेणंदेणं न्हाई. कराराचा कागद आला की नवऱ्यापुढं न सरकवता स्वतः वाचायचा. तू चौथी शिकलीस, माझ्यासारखं बोट ठेवून अक्षर जुळवायची पाळी तुझ्यावर न्हाई. अन् नाव पहिल्याच कडव्यात घालायचं. आपल्याकडं सगळ्या बायका शेवटी नाव गुंफतात, तिथं ते राखलेलं राहतं असं आपल्याला वाटतं. कात्री तिथंच लागते.

तुझ्या गोफणीच्या गाण्याचं तेच झालं. तूच म्हणालीस, मावशी, तू बोल, मला कल्याणरावापुढं तोंड उघडवत न्हाई. मी गेले. त्यानं विचारलं, गाणं कुणाचं? मी म्हटलं, शेवटचं कडवं वाचा, पोरीनं नाव घातलंय. तो हसला, म्हणाला, बाई, आणणाऱ्याची दस्तखत लागती. मी केली. हैदराबादच्या गवयाला तबकडीत पाच कडवी बसवता आली न्हाईत, तिसऱ्यावर त्यानं गाणं तोडलं. तुझं नाव गळालं, अन् दस्तखत बघून तबकडीच्या मधल्या कागदावर माझं छापलं.

इथवर अडाणीपणा म्हण. पुढचा अडाणीपणा न्हाई. पोळ्याला तबकडी आली. देशमुखांच्या घरी मला पाटावर बसवलं, नारळ दिला. देशमुखीण नीलाबाईनं विचारलं, कसं हो सुचतं तुमाला? तुझं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, सुचतं आपलं. तीन महिने तेच सांगत सुटले. जिला आजवर कुणी बस म्हटलं न्हाई, तिला पाट सोडवत न्हाई गं.

यात्रेतून आले ती ठरवूनच आले. काल कल्याणरावाच्या दुकानात गेले, नीलाबाई तिथंच होती. तिच्या देखत सांगितलं, गाणं माझं न्हाई, भाचीचं हाय, अन् तसं लिहून खाली दस्तखत केली. ती उठून गेली. कंपनी नव्या तबकड्या काढणार हाय. शुक्रवारी सकाळी कल्याणराव हैदराबादला निघतो. त्या कागदावर माझ्या खाली तुझीबी दस्तखत नसंल तर पुन्हा माझंच नाव छापतील. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण सहीला ये. धुळाजी हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभा हाय. येतेस का न्हाई, त्याच्या हाती लिहून दे. गुरुवारी दिवस मावळायच्या आत जबाब पायजे.

तुझीच मावशी,
केसरबाई