निळ्याचे तीन हात

४ मार्च, मंगळवार

मालकांनी आज सगळ्यांसमोर दार दाखवलं! गाडीचं. बाहेरचा रस्ता अजून दाखवलेला नाही.

पांढरी गाडी. डावीकडचं पुढचं दार मी गेल्या आठवड्यात रंगवलेलं. गिऱ्हाईक म्हणालं, "हे दुसऱ्या गाडीचं काढून बसवलंत का?" मालक म्हणाले, पिवळट आहे. गॅरेजातले सगळेच म्हणाले. मी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मला सारखंच दिसलं. सव्वीस वर्षं गाड्या रंगवतोय – पांढरा कळत नाही होय मला?

म्हणजे दोष रंगाचा. तडक रंगवाल्याच्या दुकानात गेलो. माझे सगळे रंग तोच कालवून देतो. कुठला किती घ्यायचा ते मी चिठ्ठीवर लिहितो, नमुन्याला गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण ठेवतो. वीस वर्षांची मैत्री. तरी चार गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल ते बोललो. "म्हातारचळ लागला का तुला? लक्ष कुठे असतं?"

तो डबा पुसत राहिला. एवढंच म्हणाला, "दुसरा करून देतो."

मालकांनी आठवडाभर घरी बसायला सांगितलंय. विश्रांती म्हणे!

५ मार्च

विश्रांती कसली, जेवायच्या टेबलावर बसायला जागा नाही. सगळीकडे नेलपॉलिशच्या बाटल्या, टूथपिक, कापूस. लेकीची शनिवारी पार्लरमध्ये परीक्षा. तिथल्या बाईंनी सांगितलंय – घरून एक हात रंगवून आण, नवीन काहीतरी दाखव, मग कामावर घेते. लेकीने ठरवलंय नखात पाणी दाखवायचं. आधी पांढरा, त्यावर आरपार दिसणारा निळा, त्यावर बारीकसा मासा, परत निळा, परत मासा, वर निळा. खालचा मासा खोल गेल्यासारखा दिसायला हवा.

हात अर्थात तिच्या आईचा. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, घरी येऊन इथे बसते. "दिवसभर लोकांचे हात खिडकीतून आत येतात, आता माझा बाहेर," म्हणाली.

पहिलं नख सुरकुतलं. दुसऱ्यावर बुडबुडे. मी पेपर वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.

"केवढा जाड हात मारतेस! खालचा ओला, त्यावर वरचा. सुरकुतणारच."

"बाबा, हे बॉनेट नाहीये."

"बॉनेटच आहे. लहान आहे इतकंच."

कॉलेज सोडलंस तेव्हापासून आम्ही एकमेकांशी धड बोललेलो नाही. (तिला लिहितोय जणू! सोडलं तिने.) पण ब्रश माझ्यापुढे सरकवला. "मग दाखव."

बाटलीच्या तोंडाशी ब्रश निथळवून दाखवला. मधून एक ओढ, दोन्ही कडांनी एकेक. मुळाशी लावायचं नाही. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही, फुंकायचं नाही.

६ मार्च

पातळ हात, दहा मिनिटं. पातळ हात, दहा मिनिटं. लेक बोलत नाही, पण घड्याळ बघते.

संध्याकाळी अंगठा पुरा झाला. "दोन मासे दिसतात ना?" मला वरचाच दिसला. अंगठा दिव्याखाली धरला, तिरका केला. खाली नुसतं गढूळ.

"दिसतात की," म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

मग ती कापूस आणायला गेली आणि मला आईच्या डाव्या हाताला पांढरा मारून ठेवायला सांगून गेली. सरावासाठी. हिचा हात इतका वेळ हातात घेऊन किती वर्षं झाली असतील! मधल्या बोटावर भाजल्याचा डाग आहे. कधीचा, विचारलं. "तुम्ही घरातच होतात तेव्हा," म्हणाली. हसत म्हणाली, पण लागलं.

७ मार्च

सकाळी खिडकीत लेक आईचा डावा हात धरून उभी.

"बाबा, ही दोन बोटं वेगळी का केलीस?"

"कुठली दोन?"

काल टेबलावर दोन बाटल्या होत्या, एक पांढरी, एक सायीच्या रंगाची. मी कधी ही उचलली, कधी ती. लेकीला वाटलं चेष्टा करतोय. मग तिने दोन्ही बाटल्यांतून कागदावर सहा रेघा मारल्या. "यात पांढऱ्या कुठल्या?"

मी दाखवल्या. तिचा चेहरा बघून कळलं, चुकलं.

"परत बघ ना, बाबा." किती हळू बोलली! गेल्या वर्षभरात इतकं हळू बोलली नव्हती. परत पाहिलं. सहाही सारख्या.

"मासाही दिसला नव्हता," मी सांगून टाकलं.

आईने आरडाओरडा केला नाही. "सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात. तुमचं नाव पहिलं घालते." आणि कामावर गेली.

दिवसभर ते दार डोळ्यांपुढून जाईना. नाचता येईना... म्हण पुरी करवत नाही. ज्याच्यावर ओरडलो तो डबा पुसत होता.

८ मार्च

मायलेकी पार्लरला गेल्या. मी जिन्यात येरझाऱ्या घातल्या. पहाटेपासून लेकीने पाचही नखं नव्याने केली होती, मी फक्त घड्याळ धरलं.

बाईंनी भिंग लावून पाहिलं म्हणे. विचारलं, "एवढा पातळ हात कुणी शिकवला?"

"माझे बाबा गाड्या रंगवतात," लेक म्हणाली. सोमवारपासून कामावर! करंगळीचा मासा बेडकासारखा झालाय, तेही बाई म्हणाल्या.

१० मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी वाढत असणार. हळूहळू चढतो, माणसाला पत्ता लागत नाही. जग पिवळं होतं आणि आपल्याला वाटतं असंच असतं. महिनाअखेर एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं.

एक समजत नाही. दोन वर्षांत कितीतरी पांढऱ्या गाड्या केल्या. तक्रार या एकाच दाराची. म्हणजे हाताला सवय झाली असणार. डोळ्यांवाचूनही जमत होतं! थोडा अभिमानच वाटला.

११ मार्च

रंगवाल्याकडे माफी मागायला गेलो. डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे."

त्या दाराचा रंग मी नेला तेव्हा तो गावाला गेला होता. त्याच्या बायकोने माझ्या चिठ्ठीबरहुकूम कालवून दिला. एरवी तो झाकण बघायचा आणि चिठ्ठीतला पिवळा गुपचूप कमी करायचा. दोन वर्षं!

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू रागावून दुसऱ्या दुकानात गेला असतास. तिथे कुणी कमी केला असता?"